उत्कर्षाची गाडी आणि माझं लोखंड

माझी बायको उत्कर्षा भूलतज्ज्ञ आहे. आठवडाभर ती माणसांना झोपवते आणि रविवारी सकाळी लोणी काळभोरच्या मागच्या डोंगरात एटीव्ही पळवून सगळ्या शिवाराची झोप उडवते. ज्यांनी ही गाडी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: मोटरसायकलसारखं हँडल, चार गुबगुबीत टायर, आणि बसणाऱ्याला धरून ठेवील असं काहीही नाही. रस्त्यावर ती चालवता येत नाही. त्यामुळे ती रावसाहेबांच्या गोठ्यात, दोन म्हशींच्या शेजारी उभी असते. रावसाहेब तिथले शेतकरी. त्यांच्या आईच्या ऑपरेशनला उत्कर्षाने भूल दिली होती. तेव्हापासून त्यांची डोंगराच्या पायथ्याची खडकाळ जमीन त्यांनी हिला उड्या मारायला मोकळी करून दिली आहे.

मी दत्तप्रसाद, स्ट्रक्चरल इंजिनिअर. इमारतीचे कॉलम आणि बीम किती जाड हवेत ते ठरवतो. माझ्या एकाही इमारतीला आजवर तडा गेलेला नाही, हे मी लग्नात शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगतो. इमारतीला जागेवर उभं राहण्यापलीकडे काही करायचं नसतं, हा मुद्दा तेव्हा माझ्या डोक्यात येत नाही. समोरच्या माणसाच्या येत असावा, कारण तो लवकर जेवायला उठतो.

जूनच्या आधीचा एक रविवार. उत्कर्षा घरी आली ती गुडघ्याला खरचटून आणि कपाळाला आठ्या घालून.

"फ्रेमला तडा गेलाय," ती म्हणाली. "पुढच्या डाव्या चाकाला धरणारा खालचा दांडा, तो आर्म, जिथे बसतो ना, तिथे. धुताना दिसला. बांधावरून उतरताना कट् असा आवाज आला होता, मला वाटलं दगड लागला."

"आणि गुडघा?"

"गुडघा नेहमीचाच."

मी तिच्या मोबाइलवरचा फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. नळीवर, जुन्या वेल्डिंगच्या कडेला, केसाएवढी तांबूस रेघ होती. मी मोबाइल तिला परत दिला आणि म्हणालो, "हे माझ्यावर सोड."

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. "बाथरूमचा नळही तुझ्यावरच सोडलाय, दत्ता. आम्ही वाट बघतोय."

उत्कर्षाला दुसऱ्या दिवशी नागपूरला परिषदेला जायचं होतं. निघताना तिने स्वच्छ शब्दांत सांगितलं. "तडा घासून, वेल्डिंगने भरून घे. तिथे एक छोटी त्रिकोणी पट्टी लाव. बस. बाकी काही करू नकोस."

आता खरं तर यात न समजण्यासारखं काही नव्हतं. पण ऑफिसात बसून मी फ्रेम संगणकावर उभी केली आणि तिच्यावर भार टाकू लागलो. उत्कर्षाचं वजन टाकलं. मग उडी मारल्यावर ते किती होईल ते टाकलं. मग वाटलं, दगड लागला तर? तेही टाकलं. मग तिथे उत्कर्षा बसलेली असणार हे आठवलं आणि आलेला आकडा दुप्पट केला. पडद्यावर अर्धी फ्रेम लालभडक झाली, म्हणजे तिथे भार झेपणार नाही. चौपाटीवरचा पाणीपुरीवाला तिखटाला जितका हात सैल सोडतो, तितक्याच सढळ हाताने मी त्या फ्रेमवर पट्ट्या टाकत सुटलो. लाल रंग गेला तेव्हाच मी चहा प्यायला उठलो.

गाडी टेम्पोत घालून साईनाथच्या वर्कशॉपला आणली. साईनाथचं वर्कशॉप मार्केट यार्डाच्या मागे आहे. तो खिडक्यांचे गज, दुकानांची शटर आणि मुख्य म्हणजे हमालांच्या हातगाड्या बनवतो. माझ्या दोन इमारतींचे जिने त्याने केले होते, त्यामुळे आमचा एकमेकांवर विश्वास होता. हाच पुढे घोळ झाला. दोघांपैकी एकाचा तरी दुसऱ्यावर संशय असता तर बरं झालं असतं.

मी आराखडा दाखवला. त्याने तो उलटासुलटा धरून पाहिला आणि त्याचा चेहरा उजळला.

"साहेब, इथे एक पट्टी दाखवलीय. दोन मारू का?"

"मार."

"आणि हा उभा पाइप आहे, त्याला खालून तिरका टेकू देऊ. हलायचं नाव नाही घेणार."

"दे."

"पट्टी पाच एमएमची घेऊ की आठची?"

खरा इंजिनिअर इथे थांबला असता. मी म्हणालो, "आठची असेल तर आठचीच घे."

तीन दिवस आम्ही दोघं तहानभूक विसरून लोखंड चढवत होतो. गाडी स्टँडवर उचललेली, चाकं खाली लोंबत होती. टेकू आणि चाकाच्या आर्ममध्ये चार बोटं जागा दिसत होती. मी बोटं घालून पाहिली आणि समाधानाने मान हलवली. शेवटी साईनाथने सगळ्यावर काळा रंग मारला, दोन पावलं मागे गेला आणि म्हणाला, "साहेब, हिच्यावर कांद्याची पोती रचली तरी वाकणार नाही."

मला भरून आलं. ह्या गाडीने कांदे वाहावेत अशी कोणाचीही अपेक्षा नव्हती, हे आम्हा दोघांनाही सुचलं नाही.

गाडी परत गोठ्यात उतरवायची वेळ आली तेव्हा रावसाहेब आणि त्यांचे दोन भाऊ कमी पडले. शेजारच्या मळ्यातून आणखी माणसं बोलवावी लागली. "डॉक्टरबाईंची गाडी पोटुशी हाय का काय?" रावसाहेबांनी विचारलं. मी हसलो आणि त्यांना फ्रेमच्या ताकदीबद्दल थोडंफार समजावून सांगितलं. ते म्हशींना पाणी पाजायला निघून गेले.

रविवारी उत्कर्षाबरोबर मीही डोंगराला गेलो. दोन वर्षांत पहिल्यांदाच. एरवी त्या सकाळी मी घरी बसून फोनची रिंग मोठी करून ठेवत असे आणि वर्तमानपत्राचं तेच पान पुन्हा पुन्हा वाचत असे. आज मात्र मला कौतुक करून घ्यायचं होतं.

उत्कर्षाने गाडीभोवती एक फेरी मारली. मग दुसरी. ती खाली वाकली, एका पट्टीवर टिचकी मारली.

"दत्ता, मी एक त्रिकोणी पट्टी सांगितली होती."

"ती आहे ना. ती बघ, त्या दोघींच्या मागे."

"ही माझी गाडी आहे की संगम पुलाचा उरलेला तुकडा?"

"तू चालवून बघ, मग बोल."

"आधी मला खालून बघू दे. आर्म वर आला तर ह्या टेकूला लागेल असं वाटतंय."

"चार बोटं जागा आहे. मी मोजलीय."

"उभ्या गाडीत ना?"

हा प्रश्न मला ऐकू आला होता. पण समोर रावसाहेब उभे होते, त्यांचे भाऊ उभे होते, आणि मी त्यांना नुकतंच फ्रेमच्या ताकदीवर भाषण दिलेलं होतं. मी उत्कर्षाच्या हातातलं हेल्मेट घेतलं आणि म्हणालो, "थांब. मीच दाखवतो."

"तू आजवर गवतावरसुद्धा चालवलेली नाहीस."

"गाडी मजबूत असली की चालवणाऱ्याला काही करावं लागत नाही," मी म्हणालो. हे वाक्य मी खरोखर म्हणालो. साक्षीदार आहेत.

ह्या गाडीचा वेग हँडलच्या उजव्या बाजूला, अंगठ्याखाली असतो. अंगठा दाबला की गाडी पुढे जाते. गाडी पुढे गेली की नवशिका मागे झुकतो, तोल सावरायला हँडल घट्ट धरतो, आणि घट्ट धरताना अंगठा आणखी दाबला जातो. हे मला आता माहीत आहे. समोर गुडघाभर उंचीचा मातीचा बांध होता. उत्कर्षा त्याच्याकडे लहान मुलांसाठीचा म्हणून बघते. मी त्याच्यावर माझ्या आयुष्यातल्या सर्वाधिक वेगाने गेलो.

हवेत असताना फार छान वाटलं, हे कबूल करतो. मग चाकं टेकली. चाक वर आलं, आर्म वर आला, धक्के झेलणारा शॉकप निम्मा दबला आणि आर्म माझ्या टेकूवर ठण्णकन आपटला. तिथून पुढे दबायला काही उरलं नव्हतं. फ्रेम इतकी ताठ केली होती की तीही तसूभर हलली नाही. सगळा धक्का जसाच्या तसा सीटमधून वर आला, आणि त्या सगळ्या रचनेत हलू शकेल असा एकच भाग होता. तो मी. मी सीटवर एकदा आपटलो, मग वर गेलो, आणि खाली आलो तेव्हा तिथे गाडी नव्हती, दगड होता.

"अगागागा," रावसाहेब म्हणाले.

उत्कर्षा धावत आली. तिने आधी माझ्या डोळ्यांत पाहिलं, पाय हलवायला लावले, मान तपासली. तिचे हात ऑपरेशन थिएटरमध्ये असतात तसे शांत होते. ओठ मात्र पांढरे पडले होते.

"कुठे दुखतंय?"

मी जागा सांगितली.

"माकडहाड," ती म्हणाली. मग तिने डोळे मिटून एक लांब श्वास सोडला आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. थोड्या वेळाने म्हणाली, "ह्याला प्लास्टर नसतं आणि भूलही लागत नाही. तुझं नशीबच खराब."

हाड बारीकसं मोडलं होतं. मला मधे भोक असलेली एक गोल उशी मिळाली, आणि मी जिथे जाईन तिथे ती काखेत घेऊन जाऊ लागलो. भेटायला येणाऱ्यांना आई दारातच सांगत असे, "सुनेच्या गाडीवरून पडला. हो, सुनेच्याच. चालवत होता तोच. बसा, तो उभाच असतो."

आणि फ्रेम? माझ्या पट्ट्यांचं काहीच बिघडलं नव्हतं. त्या जिथे संपत होत्या तिथून बोटभर पुढे, जिथे पूर्वी कधी काही झालं नव्हतं, तिथे चांगल्या नळीला आरपार भेग पडली होती. पुढचा भाग मी इतका ताठ केला होता की वाकण्याचं सगळं काम त्या एका रेषेवर आलं होतं. इमारतीत हे आम्ही टाळतो. त्यावर मी तरुण इंजिनिअरांना व्याख्यानही देतो.

एका संध्याकाळी उत्कर्षा माझ्याशेजारी, म्हणजे मी पालथा पडलो होतो त्या पलंगाच्या कडेला, येऊन बसली.

"दत्ता, खरं सांग. एवढं लोखंड का लावलंस?"

मी भाराबद्दल बोललो. धातूच्या थकव्याबद्दल बोललो. ती ऐकत राहिली. पेशंट झोपेपर्यंत वाट पाहायची तिला सवय आहे, आणि माझे मुद्दे तसेही झोप आणणारेच होते. ते एकेक करून संपले.

"तू पडशील म्हणून," मी उशीत तोंड घालून म्हणालो. "दर रविवारी मला वाटतं, आज फोन येणार."

"अरे, मी दर रविवारी पडते."

मी मान वळवली.

"खरंच. दोनदा, तीनदा. कसं पडायचं ते शिकलेय मी. गाडी सोडायची आणि बाजूला लोळायचं. तू बघितलंच नाहीस कधी, म्हणून तुला वाटतं मी कड्यावरून उडी मारते." तिने माझ्या केसांतून हात फिरवला. "गाडीला काय लावायचं ते आपण दोघं मिळून ठरवू. पण तू तिथे ये. घरी बसून आकडे वाढवत बसू नकोस."

दोन आठवड्यांनी आम्ही साईनाथकडे गेलो. आपल्या हातच्या पट्ट्या ग्राइंडरने कापताना त्याला फार वाईट वाटलं. "चांगला माल होता हो," तो दर पट्टीला म्हणत होता. भेग पडलेला नळीचा तुकडा काढून नवा घातला, आत बाहीसारखी दुसरी नळी सरकवून. जुना तडा घासून भरला. उत्कर्षाने शॉकप काढायला लावला, चाक हाताने पार वरपर्यंत उचललं, खाली सोडलं, पुन्हा उचललं, आणि आर्म कुठे कुठे फिरतो ते खडूने आखून दिलं. खडूच्या आत काही लावायचं नाही. मी दोन छोट्या त्रिकोणी पट्ट्या काढल्या, टोकांना निमुळत्या होत जाणाऱ्या, म्हणजे ताठपणा एकदम संपणार नाही. उत्कर्षाने विचारलं, "मधे गोल भोक पाडलं तर वजन कमी होईल ना?" मी म्हणालो, होईल. आधी वेल्डिंगचे नुसते टाके मारले, चाक पुन्हा वरखाली करून पाहिलं, मगच साईनाथने पक्कं वेल्डिंग केलं. मी उभाच होतो, त्यामुळे सगळं नीट दिसलं.

"एक तिरका टेकू देऊ का?" साईनाथने जाता जाता विचारून पाहिलं.

"नको," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

त्या रविवारी मी खरोखरच पाहायला गेलो. रावसाहेबांनी मला उतारावर एक सपाट खडक दाखवला, मी त्यावर उशी ठेवून बेताने बसलो. उत्कर्षा बांधावरून गेली. चाकं टेकली, चारही आर्म वर आले, गाडी पोटात पाय घेतल्यासारखी खाली बसली आणि पुन्हा उठली. आवाज आला नाही. दुसऱ्या फेरीत ती वळणावर पडली. मी अर्धा उठलो तोवर ती लोळून बाजूला झाली होती, पँट झटकत होती आणि गाडीला शिव्या घालत होती. रावसाहेबांनी तिकडे पाहिलंही नाही. ते मला चहा ओतत होते.

"रोजचंच हाय," ते म्हणाले.

मी चहा घेतला. तेवढ्यात उत्कर्षा पार वर टेकडीच्या माथ्यावर पोचली. तिने गाडी वळवली, हेल्मेटची काच वर केली आणि माझ्याकडे पाहून दोन्ही हात जोरजोरात हलवले. काहीतरी ओरडलीही. वाऱ्यात नीट ऐकू आलं नाही. पण दोन वर्षांनी नवरा बघायला आलाय, तिला आनंद होणारच. मला इतकं बरं वाटलं की मीही उभा राहून दोन्ही हात हलवले.

"साहेब," रावसाहेब कप उचलत घाईने म्हणाले, "उठा. त्या म्हणतायत, तिथून सरका. त्या हितूनच खाली येत्यात."