नाथाजीशी भांडायचं नाही

राहीबाईनं सबंध गावाला तंबीच दिली होती. नाथाजीशी कुणी भांडायचं नाही, त्याचं बोलणं खोडायचं नाही, तो म्हणेल त्याला मान हलवायची. आणि कडेगावजवळच्या त्या गावात राहीबाईची तंबी मोडायची छाती होती कुणाची? पाटलाचीसुद्धा नव्हती.

तिचं तरी काय चुकलं? पलटणीतून हवालदार होऊन पेन्शनीवर आलेला तिचा नवरा नाथाजी चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात उसाला पाणी पाजता पाजता छाती धरून बांधावर बसला. मग बैलगाडी, मग एसटी, मग सांगलीचा दवाखाना. बाईच्या तोंडचं पाणी पळालं होतं. डॉक्टरांनी माणूस वाचवला आणि घरी सोडताना सांगितलं, "दगदग नको, मनाला त्रास होईल असं काही नको." राहीबाईनं त्याची खूणगाठ बांधली ती अशी.

गावानंही ती पाळली, इमानेइतबारे पाळली. नाथाजीनं एकदा मुद्दाम गोठ्यातल्या बैलाकडं बोट करून गड्याला म्हटलं, "ही म्हस हाय न्हवं रं?" गडी म्हणाला, "व्हय आण्णा, म्हसच हाय." आता बोला!

आणि हे कुणाशी, तर ज्याला भांडल्याशिवाय चहा गोड लागत नव्हता अशा माणसाशी. रोज तिसऱ्या प्रहरी जिनदत्ताच्या किराणा दुकानाच्या पायरीवर त्याची बैठक असायची. जिनदत्त म्हणजे गावातला जैन दुकानदार आणि नाथाजीचा लहानपणापासूनचा सोबती. दोघं पोरवयात येरळा नदीच्या डोहात पडले होते आणि एकानं दुसऱ्याला ओढून काढलं होतं. कुणी कुणाला, यावर त्यांचं जन्मभर जुंपलेलं. नाथाजी म्हणायचा, मी वाचवलं. जिनदत्त म्हणायचा, थापा मारू नको, मी. पलटणीतून सुट्टीवर आला की नाथाजी घरी पिशवी टेकवायचा आणि आधी हे भांडण उकरून काढायचा.

तो जिनदत्त भेटायला आला, हातात हात घेऊन बसला आणि म्हणाला, "नाथ्या, तूच मला वाचवलंस गड्या."

त्या दिवसापासून नाथाजीनं भिंतीकडं तोंड केलं. ताटातली भाकरी ताटात वाळायला लागली. "साताऱ्यास्नं अर्जुनाला बोलवून घे," तो बायकोला म्हणाला. अर्जुना त्यांचा मुलगा, साताऱ्याला सरकारी कचेरीत होता. "जमिनीचं काय ते सांगून टाकतो."

राहीबाई घाबरी होऊन त्याला पुन्हा सांगलीला घेऊन गेली. डॉक्टरांनी तपासलं, कागदावरच्या रेघा पाहिल्या आणि नाथाजीला बाहेर बसवून तिला म्हणाले, "हृदय सावरतंय. पण ह्यांनी हाय खाल्लीय. बाई, माणूस मनानं एकटा पडला की त्याचं हृदयही दम सोडतं. घरी कुणी येतंजातं का? बोलतात का ह्यांच्याशी?"

"बोलत्यात की! समदं गाव येतंय. कोन उलटा सबुद म्हनून काढत न्हाई," राहीबाई फुशारकीनं म्हणाली.

डॉक्टर हसले नाहीत. "असंच चाललं तर मला भीती वाटते," एवढंच म्हणाले.

परतताना एसटीत तिनं नवऱ्याला विचारलं, "आवं, खात का न्हाईसा?"

"राहे, कशाला लपवतीस? डॉक्टरनं तुला सांगितलंय, माझं आता काय खरं न्हाई. गाव मला अगुदरच मेल्यावानी वागवतंय. आनी जिन्या हरला. मी जगनार असतो तर जिन्या हरला असता व्हय?"

राहीबाईच्या काळजात चर्र झालं. जिनदत्ताला 'हो म्हणून टाका' असं तिनंच हात जोडून सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी पदर खोचून ती दुकानात गेली. "भावजी, उठा. चला भांडायला."

"वहिनी, डोस्कं ठिकानावर हाय न्हवं? त्येला काय झालं तर? गाव म्हणंल, जिनदत्तानं मारला."

"गप बसूनशान तर मरतुयाच की त्यो!"

जिनदत्त आला. उंबऱ्यातच उभा राहिला. नाथाजी भिंतीकडं तोंड करून पडलेला.

"ए नाथ्या! त्या दिशी खोटं बोललो मी. तुला मी वाचवला. केस धरून वर काढला तुला!"

नाथाजी हलला नाही. मग भिंतीकडून आवाज आला, "केस?" नाथाजी कुशीवर वळला. "केस कुठनं आनलंस रं? उवा झाल्या म्हनून आयनं माझा गोटा केलावता तवा!"

"मग कान धरला आसंल!"

"आसंल? आठवत न्हाई आनी छाती काढून सांगतुयास?" नाथाजी कोपरावर उठला. तोंड लालबुंद झालं होतं. राहीबाईची नजर त्याच्या छातीवरून हलेना. देवा, मीच घात केला का ह्यांचा? तेवढ्यात तो ओरडला, "राहे, भाकरी आन! पोटात काय न्हाई म्हनून ह्यो मला दमवाय लागलाय!"

दुधात भाकरी कुस्करून तो खायला लागला. घास घेता घेता भांडत होता, भांडता भांडता घास घेत होता. मध्येच दारात जिनदत्ताची बायको त्रिशला आली. "आवं, दिवस बुडाय लागला, जेवायला चला." जैनाचं घर ते. दिवस मावळला की तोंडात घास घ्यायचा नाही, आणि जिनदत्तानं हा नेम जन्मात कधी मोडला नव्हता.

जिनदत्तानं बाहेरच्या उन्हाकडं पाहिलं, मग नाथाजीच्या ताटाकडं. अजून अर्धी भाकरी शिल्लक होती. "तू हो म्होरं," तो म्हणाला. त्रिशलानंही ताटाकडं पाहिलं आणि ती माघारी फिरली.

भाकरी संपली. नाथाजीनं आणखी मागितली. दिवस मावळला.

जिनदत्त जरा पाय मोकळे करायला सोप्यात आला, तशी राहीबाई कंदील ठेवून त्याच्यासमोर उभी राहिली. तिचे डोळे घळाघळा वाहत होते. "भावजी, माझ्या धन्यापायी उपाशी ऱ्हायलासा. तुमचं उपकार कुठं फेडू मी?"

"हळू बोला वहिनी, त्यो ऐकंल." जिनदत्तानं धोतराच्या सोग्यानं स्वतःचेही डोळे पुसले. "उपकार कसलं? त्यो गेला असता तर मी कुनाशी भांडलो असतो?"

"पळालास व्हय रं जिन्या?" आतून नाथाजीची हाळी आली.

"पळतुय कशाला? आलो!" म्हणत जिनदत्त उपाशी पोटी पुन्हा आत जाऊन बसला.