पान एकतिसावरचा प्रभू

“कुमारी अलफिया अझहर खोत, तृतीय वर्ष कला, हिने इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत प्रभू येशूची हेतुपुरस्सर निंदा करून ख्रिस्ती बांधवांच्या भावना दुखावल्या आहेत.” खोपोलीतल्या एका महाविद्यालयाच्या शिस्तपालन समितीने हे पत्र काढले आणि सूचनाफलकावर लावले.

वाक्य घोटीव होते. खोट एवढीच की त्यातले काहीच घडले नव्हते. अलफियाच्या उत्तरात ‘प्रभू’ हा शब्द सतरा वेळा होता, ‘येशू’ एकदाही नव्हता. येशूला त्या कागदावर आणले ते समितीने. दुखावलेले बांधव कोण, याचा पत्रात पत्ता नव्हता. महाविद्यालयाच्या पटावर एकही ख्रिस्ती विद्यार्थी नव्हता आणि तक्रारअर्ज तर कोणाचाच नव्हता. राहता राहिला ‘हेतुपुरस्सर’. तो शब्द अलफियाने फलकापुढे उभी राहून तीनदा वाचला. निंदा करायची तर निदान कोणाची करतो आहोत हे ठाऊक हवे, आणि तिचा सारा गोंधळ नेमका तिथेच होता.

प्रश्न होता, मध्ययुगीन युरोपातील भूदास, प्रभू आणि चर्च यांचे संबंध स्पष्ट करा. तिने लिहिले होते: “भूदासाला आठवड्यातून तीन दिवस प्रभूच्या शेतावर फुकट राबावे लागे. मुलीचे लग्न गावाबाहेर ठरले तर प्रभू दंड घेई. भूदास मेला की त्याचे सर्वांत चांगले जनावर प्रभू घेऊन जाई. रविवारी सगळे चर्चमध्ये जमून त्याच प्रभूचे आभार मानीत.”

तिला पंधरापैकी बारा गुण मिळाले होते. पुढे मूल्यमापनासाठी बाहेरून पाहुणे आले, त्यांनी नमुन्याला म्हणून नेमकी हीच उत्तरपत्रिका उचलली, शेवटचे वाक्य मोठ्याने वाचले आणि विचारले, “हे असं शिकवता का तुम्ही?” विभागप्रमुख धनेश सरांना त्या क्षणी दोन उत्तरे शक्य होती. त्यांनी दुसरे निवडले. विद्यार्थिनीचा खोडसाळपणा आहे, चौकशी लावतो, असे सांगून ते मोकळे झाले, आणि चौकशी समितीचे अध्यक्षही तेच झाले.

चौकशीच्या दिवशी अलफिया वडिलांना घेऊन आली. अझहरचे शिळफाट्याला टायरचे दुकान होते. हात धुऊन आला तरी नखांतले काळे राहिलेच होते. टेबलापलीकडे धनेश सर, त्यांच्या बाजूला तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या हर्षला मॅडम. मॅडम आठवड्यातले तीन दिवस सरांचे पेपर तपासत. त्याबद्दल त्यांना काही मिळत नसे, पुढच्या सत्राच्या तासिकांची आशा तेवढी मिळे. ते बारा गुणही त्यांनीच दिले होते. त्याखाली सही सरांची होती. खिडकीखाली शिपाई सखा आवकजावकची वही आणि शिक्का घेऊन बसला होता.

“आडनाव खोत, आणि बाजू भूदासांची घेतेस?” सर हसले.

“नावापुरतेच खोत हाव, सर,” अझहर म्हणाला. “कुळं गेली, जमीन गेली. आता गावाचे टायर फिरवतो.”

सर पुन्हा हसले नाहीत. त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. “लिही. मी प्रभूचा अपमान केला, मला पश्चात्ताप होत आहे. खाली सही कर. एवढाच पेपर रद्द होईल. नाही लिहिलंस तर वर्ष गेलं समज.”

वर्ष गेले तर जूनमधले बी.एड. गेले. अलफियाने पेन उचलले, टेकवले आणि तसेच धरून ठेवले.

“सर, कोणत्या प्रभूचा?”

“प्रभूचा म्हणजे प्रभूचा!”

“जनावर घेऊन जाणाऱ्या, की क्षमा करणाऱ्या?”

“बघा, अजून थट्टा चाललीय.”

“थट्टा नाही, सर. तुमच्या नोट्समध्ये दोन्ही आहेत.” तिने पिशवीतून झेरॉक्सची चोपडी काढली. वर सरांचे नाव ठळक होते. “पान एकतीस. प्रभूला भूदासास फटके मारण्याचा अधिकार होता. पान चौतीस. प्रभूने मानवजातीसाठी आपले रक्त सांडले. मला वाटलं, आधी एक करत असेल, मग दुसरं.”

अझहरने तिचे कोपर दाबले. “लिही गं, अलफी. एका ओळीनं तुझं काय झिजतंय? वर्ष वाचतंय ना!”

“अब्बा, पण खोटं तरी नीट कळायला हवं ना मला.”

हर्षला मॅडम आतापर्यंत टेबलाच्या कडेकडे बघत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “अलफिया, इंग्रजीत दोघांनाही लॉर्ड म्हणतात. एक देव आणि एक जमिनीचा मालक. मराठीत दुसऱ्याला जमीनदार म्हणायचं, सरंजामदार म्हणायचं.”

“मग नोट्समध्ये का नाही म्हटलं, मॅडम?”

मॅडमनी सरांकडे पाहिले. सरांनी पुस्तकातले अख्खे इंग्रजी प्रकरण फोनकडून मराठी करून घेतले होते आणि फोनला सरंजामदार ठाऊक नव्हता. सरांना ठाऊक होता, पण त्यासाठी चोपडी एकदा वाचावी लागली असती.

“अनुवादाचा प्रश्न इथे नाही,” सर म्हणाले. “कबुली दे.”

अलफियाला एवढे कळले की कबुली द्यायचीच आहे. कशाची, ते तिने स्वतःच ठरवले. ती दहा मिनिटे खाली मान घालून लिहीत राहिली. सरांनी कागदासाठी हात पुढे केला, पण कागद आधी सखाकडे गेला. पाहुण्यांच्या धास्तीने सरांनीच नियम केला होता: कुठलाही कागद आधी आवक, मग वाचन, आणि समितीसमोरच्या कागदाची प्रत विद्यापीठाला.

“अरे सखा, थांब, मला बघू दे!”

“तुमचाच नियम हाय ना, सर,” सखा म्हणाला आणि त्याने शिक्का मारला. “सोबत काय जोडायचं हाय का?”

सर काही बोलण्याआधी हर्षला मॅडमनी चोपडीतली दोन पाने सोडवली, कागदाला टाचली आणि खाली लिहिले, ‘सोबत: पाने दोन.’ अक्षर सुवाच्य आले.

आठवड्याने फलकावरचे पत्र नाहीसे झाले. का, ते कोणी कळवले नाही. अलफियाचे बारा गुण राहिले आणि वर्षही राहिले. हर्षला मॅडमना पुढच्या सत्रात तासिका मिळाल्या नाहीत. नोट्सची नवी आवृत्ती निघाली. तिच्यात पान एकतीस आणि पान चौतीस ही दोन्ही गाळली होती, त्यामुळे युरोपात आता जमीनदारही नाही आणि देवही नाही.

विद्यापीठाला गेलेला आरोपीचा कबुलीजबाब शब्दशः असा आहे:

“मी अलफिया अझहर खोत कबूल करते की प्रभू एकच आहे असे मी समजले. मी वर्गात विचारले होते, सर, हा प्रभू तोच का? सर म्हणाले, प्रभू लिही, गुण मिळतील. मी लिहिले आणि मिळाले. पान एकतिसावर प्रभू भूदासाचे जनावर नेतो आणि पान चौतिसावर प्रभू सर्वांना क्षमा करतो. जनावर त्यानेच नेले, तर क्षमा तो कोणाला करतो, हे मला तेव्हाही कळले नव्हते आणि आजही कळलेले नाही. यापैकी कोणता प्रभू दुखावला आहे ते समितीने लेखी कळवावे. मी त्याची माफी मागेन.”