शिवमाराचा रस्ता

राधानगरीला धरणाचं काम निघालं त्या साली, श्रावणात, डोंगर खाली आला. आंबेखोल आणि करंजवणे या दोन गावांमधल्या वळणावर तो आला आणि रस्त्यावर बसून राहिला. आंबेखोल वरच्या अंगाला, करंजवणे खाली, कोल्हापूरच्या अंगाला. दोघांच्या मध्ये शीव, आणि शिवेवर म्हसोबा. शेंदूर फासलेला, कडेवरच्या पोराएवढा दगड.

डोंगर येताना म्हसोबालाही घेऊन आला. दरडीच्या वरच्या टोकाला बसणारा देव घसरत घसरत खालच्या टोकाला येऊन थांबला, तोही उभाच, शेंदराला ओरखडा न उठता. एरवी अशा चमत्काराला नारळ फुटले असते. पण दरबारचा दंडक असा होता, की रस्ता ज्या गावाच्या शिवेत मोडेल त्या गावानं तो बांधायचा. त्यामुळं नारळ राहिले आणि डोकी फुटली.

करंजवण्याचे बाळासो पाटील म्हणाले, "देव बसला तितं शीव. देवानंच दरड आंबेखोलला दिली. आमी कोण मदी बोलणार?"

आंबेखोलचे पिराजी पाटील म्हणाले, "देव काय आपल्या मनानं उतरलाय व्हय? ढकलला गेलाय. शीव हुती तितंच हाय, आन दरड तुमच्या पदरात हाय."

या पहिल्याच बैठकीत बाळासोंच्या चुलतभावाचा कान गेला. सगळा नाही, अर्धा. पिराजींच्या जावयाचे पुढचे दात मात्र सगळे गेले. बैठक खेळीमेळीत पार पडली असंच दोन्ही गावांचं मत होतं, कारण कुणी मेलं नव्हतं.

मेलेला माणूस एकच होता आणि तो दरडीखाली होता. शमशुद्दीन त्याचं नाव. धरणाच्या कामावर चुन्याची गाडी हाकायचा. दरड येण्याआधी त्याची गाडी वळणाला लागलेली खुद्द बाळासोंनी पाहिली होती. वळणाच्या पलीकडं ती कुणालाच दिसली नाही.

त्याचा थोरला भाऊ सिकंदर कोल्हापुरात रस्त्यांच्या कामावर मुकादम होता. तो आपले दगडफोडे घेऊन आला तेव्हा वरिष्ठांना वाटलं, माणूस रस्ता मोकळा करायला चाललाय. ते खरंच होतं. पण घरातनं निघताना त्याच्या आईनं, बिबीजाननं, रस्त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. ती एवढंच म्हणाली होती, "मेला असंल तर मेलेला आण. पर आण. त्येला परक्या चिखलात ठेवून माझ्यासमोर भाकरी खायाला बसू नको."

सिकंदरनं खालच्या टोकाला पहिली कुदळ मारली. करंजवण्याचे दहाबारा गडी आले आणि त्यांनी त्याला बदडला.

"पावणं," बाळासो समजुतीनं म्हणाले, "हिकडनं खणलं म्हंजे आमच्या बाजूनं काम सुरू झालं. म्हंजे दरड आमची झाली. वाईट वाटून घेऊ नका. वरनं खणा की!"

सिकंदर वरच्या टोकाला गेला. तिथं आंबेखोलच्या गड्यांनी त्याला बदडला. कारण तेच होतं, फक्त काठ्या जरा जाड होत्या. मग त्यानं मधोमध खणायला घेतलं, तेव्हा दोन्ही गावांनी मिळून बदडला. दरड आल्यापासून दोन्ही गावांनी एकजुटीनं केलेलं हे पहिलंच काम.

एक डोळा मिटलेला, बरगडी हललेली, अशा अवस्थेत तो म्हसोबापाशी येऊन पडला. तिथं चिमणाबाई बसली होती. गुरवाची म्हातारी. म्हसोबाला हात लावायचा हक्क दोन्ही गावांनी मिळून तिच्या घराण्याला दिलेला. दाताला मिश्री लावत ती म्हणाली, "खालनं झालं, वरनं झालं, मदनं झालं. आता कुटनं खाणार हैस मार?"

"मावशी, माझा भाऊ हाय खाली."

"ठावं हाय. ह्यास्नीबी ठावं हाय. पर भावाला काडायचं म्हंजे दगूड हलवायचा, आन दगूड हलवायचा म्हंजे शीव कबूल करायची." ती बाजूला थुंकली. "आवंदा शिवमारबी झाला न्हाय. म्हणून हात शिवशिवत्यात मुडद्यांचं."

"शिवमार म्हंजे?"

"बेंदराच्या दुसऱ्या दिशी दोन्ही गावं शिवेवर येत्यात आन एकमेकास्नी दगडं हाणत्यात. रगत सांडलं की पीक चांगलं येतंय. आवंदा बेंदराला पाऊस असा हुता की समोरचा माणूस दिसंना. हाणायचं कुणाला?"

"दगडं कुठली घेत्यात?"

"देवाच्या पायापासची. घरनं दगूड आणला तर नाक कापलं गावाचं."

"आन थांबत्यात कवा?"

"मी देवाला नवा शेंदूर चढवला की."

सिकंदर उठून बसला. त्यानं उघड्या डोळ्यानं दरडीकडं पाहिलं. मग म्हसोबाकडं पाहिलं. मग चिमणाबाईच्या कमरेच्या डबीकडं.

"मावशी, शेंदूर संपलाय काय?"

चिमणाबाईनं डबी उघडली. ती काठोकाठ भरलेली होती. तिनं झाकण नीट लावलं.

"संपला की," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं दोन्ही गावांत सांगितलं, की राहिलेला शिवमार मागतोय म्हणून देव खाली उतरलाय. यावर दोन्ही गावांना एकदम हायसं वाटलं. भांडणाला आता देवाची परवानगी मिळाली होती.

आंबेखोल वरच्या बाजूला मोडक्या रस्त्यावर उभं राहिलं, करंजवणे खालच्या. गडी धावत देवापाशी जायचे, दगड उचलायचे, मागं यायचे आणि समोरच्याच्या कपाळाचा नेम धरायचे. पहिल्या दिवशी एकाचा गुडघा फुटून वाटी बाजूला सरकली. एकाचा जबडा असा निखळला की तो दिवसभर आश्चर्य वाटल्यासारखा बसून राहिला. धोंडे रप् रप् रस्त्यात पडत होते. पावसानं रस्त्याला माणूस बसेल एवढाले खड्डे पाडले होते, ते धोंड्यांनी भरत होते. दुपारी मार भाकरीला थांबला की सिकंदरचे दगडफोडे दोन्ही बाजूंना घण घेऊन बसायचे आणि पडल्या जागी धोंड्यांची खडी करायचे. काही खडीला रक्त लागलेलं असायचं. ते पावसानं धुऊन जायचं.

संध्याकाळी बाळासोंनी विचारलं, "म्हातारे, शेंदूर?"

"संपलाय. बाजारला माणूस धाडलाय."

सकाळी लोक आले, तर देव कालच्या जागेपासून बराच आत, दरडीत सरकलेला.

पिराजी बघतच राहिले. "ह्यो हितं कसा?"

"त्याला पाय हाईत," चिमणाबाई म्हणाली. "येवढा डोंगर उतरून आला, तवा न्हाय इचारलंस कसा आला म्हणून?"

मग नव्या जागेच्या अवतीभवतीचे धोंडे उचलले गेले. जो उचलवत नव्हता तो चौघं मिळून समोरच्याच्या अंगावर लोटत होते. अशा एका धोंड्याखाली आंबेखोलच्या एका गड्याची पावलाची हाडं पार पिठासारखी झाली. त्याला खाटेवर घालून नेताना तो ओरडून सांगत होता, की माझ्या वाटणीचं कुणीतरी हाणा. हाणलं. धोंडे हलले तशी मधली माती पावसाबरोबर ओढ्यात वाहून जाऊ लागली, आणि दरड रोज खचत, आखडत चालली.

सिकंदर हे बघत होता. गड्याचं पाऊल गेलं त्या दुपारी तो चिमणाबाईला म्हणाला, "मावशी, बास करू या. माणसं मोडायला लागली."

"ही दर सालची मोडत्यात. आवंदा कामाला तरी आली," ती म्हणाली. "तुज्या आईला काय सांगणार हैस?"

सिकंदर उठला. त्यानं घण उचलला.

एका दुपारी ओव्हरसियर घोड्यावरून पाहणीला आले. दोन्ही गावांतली माणसं दरडीत घुसून दगड वाहताहेत, मुकादमाची माणसं खडी फोडताहेत, सगळीकडं आरडाओरडा, हे पाहून त्यांचं मन भरून आलं. "रयतेचा उत्साह दांडगा आहे," ते म्हणाले. इतक्यात एक गोटा त्यांच्या फेट्यावर बसला आणि दुसरा घोड्याच्या पुठ्ठ्यावर. घोडा कोल्हापूरच्या दिशेनं उधळला. "काम चालू ठेवा!" हे त्यांचे शब्द वळणापलीकडून ऐकू आले. ते ठेवण्यात आलं.

देव सरकत सरकत दरडीच्या मध्यावर आला होता. त्या दिवशी पिराजींनी स्वतः पुढं होऊन एक मोठा धोंडा दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला. समोर बाळासो होते. इतक्या दिवसांनी असा सरळ नेम सापडला होता. पिराजींनी पाय रोवायला खाली पाहिलं आणि तसेच थांबले.

बाळासो थांबले नाहीत. त्यांचा गोटा पिराजींच्या कानशिलावर बसला. रक्त गळ्यापर्यंत आलं. पिराजी हलले, पण धोंडा त्यांनी टाकला नाही. तो बाजूला हळू ठेवला, जणू खाली कुणी झोपलंय.

"थांब रं बाळासो," ते म्हणाले. "हात हाय हितं."

धोंड्याखाली एक पांढरा हात होता.

बाळासो धावत आले. त्यांच्या मुठीत दुसरा गोटा तसाच होता. मागनं सिकंदर आला, गुडघ्यावर बसला आणि नखांनी माती उकरू लागला. गाडीतली चुन्याची पोती फुटली होती, चुना भिजला होता आणि शमशुद्दीनच्या अंगाभोवती घट्ट होऊन बसला होता. बैलांकडं आता बघवत नव्हतं. पण त्याचं तोंड त्या पांढऱ्या कवचात राहून गेलं होतं, डोळे मिटलेले, एका हातात कासरा धरलेला.

दोन्ही गावांनी दरडीत हात घातले. कुणाची बाजू, कुणाची शीव, कुणी विचारलं नाही. जबडा निखळलेला गडी तोंड बांधून माती ओढत होता. शेवटी दगडफोड्यांनी छिन्नी घेऊन शमशुद्दीनच्या अंगावरचा चुना हलक्या हातानं उडवला. घण मारून मारून राठ झालेले ते हात त्या दिवशी सोनारासारखे चालत होते. एका ठिकाणी छिन्नी सरकली तेव्हा सिकंदर ओरडला, "त्येला लागंल!" आणि मग त्याचं त्यालाच रडू फुटलं.

बाळासोंनी आपलं कोरं धोतर दिलं. बांबू पिराजींच्या परड्यातले. सकाळी तिरडी निघाली, तेव्हा एवढ्या दिवसांचा सराव असल्यामुळं भांडण झालंच.

"आंबेखोलचा खांदा शिवेपतूर," बाळासो म्हणाले. "म्होरं आमचा."

"मग शीव दाव की!" पिराजींच्या कानशिलाला फडकं बांधलेलं होतं. "कुटं हाय ती दाव."

सगळ्यांनी म्हसोबाकडं पाहिलं. म्हसोबा जागेवर नव्हता. चिमणाबाईनं त्याला पाटीत घालून डोक्यावर घेतलं होतं आणि ती मोडक्या रस्त्यावरून तिरडीच्या पुढं चालायला लागली होती.

देव पुढं, म्हणजे शीव पुढं. आंबेखोलला खांदा टाकता येईना. आणि आपल्या रस्त्यावरून आंबेखोल एकटं मयत नेतंय हे करंजवण्याला बघवेना. दोन्ही गावं खांदा देत निघाली. नव्या खडीवर पाय रुतत होते, पण रस्ता खचत नव्हता. करंजवणे आलं, चावडी गेली, बाळासोंचा स्वतःचा वाडा गेला.

"आता ठेव की म्हातारे!" बाळासो घामाघूम होऊन म्हणाले. "आमचं आख्खं गाव आंबेखोलात गेलं!"

"त्याची आई दिसंना अजून," मागं न बघता चिमणाबाई म्हणाली.

ती दिसली दिवस कलताना, रंकाळ्याच्या अलीकडं. निरोप पोचल्यावर बिबीजान घरात थांबलीच नव्हती, रस्त्यानं चालत आली होती. खांदेकऱ्यांनी तिरडी खाली ठेवली. तिनं धोतराचं टोक बाजूला केलं, पोराच्या भुवईत अडकलेला चुना पदरानं पुसला. सिकंदरकडं बघून ती म्हणाली, "चल. भाकरी करते." मग तिची नजर दोन्ही गावांवर गेली. फुटकी डोकी, बांधलेले जबडे, लंगडे पाय. "आन ह्यास्नी काय झालं?"

"दरड, माँ," सिकंदर म्हणाला.

चिमणाबाईनं म्हसोबाला रस्त्याकडेला उतरवलं, कमरेची डबी काढली आणि त्याला नवा शेंदूर चढवला. डबी काठोकाठ भरलेली दोन्ही पाटलांनी पाहिली. 

दफन झाल्यावर परतीच्या वाटेवर पाटी पुन्हा तिच्या डोक्यावर होती. पिराजी आणि बाळासो तिच्या दोन्ही अंगांना चालत होते. वरची अर्धी दरड आणि वळणाचा बांध अजून बाकी होता, आणि डोंगराला वरून आधाराची भिंत घालायची होती.

"मावशी," पिराजी जरा मऊ आवाजात म्हणाले, "आता देव बसवणार कुटं? वर का खाली?"

"रस्ता झाला की सांगते," चिमणाबाई म्हणाली.