बाराव्या खेळीखालचा शब्द

"हे पण गेलं, काका," रसिका म्हणाली आणि वहीतल्या ओळीवर तिनं पेन्सिलीनं बारीक काट मारली.

"कंचं?"

"'पाचव्या रेघेवर बसू नये, दुसऱ्याला घर बांधून दिल्यासारखं होतं.' मशीन बिनधास्त बसतंय पाचव्या रेघेवर. आणि जिंकतंय."

"जिंकू दे," नाथाकाका म्हणाले. "मार काट."

भाईंदरजवळच्या मोरव्यातल्या घराच्या ओटीवर रविवारची दुपार कलत होती. स्टुलावर रसिकाचा लॅपटॉप, तिच्या मांडीवर काकांची वही आणि दोघांच्या मध्ये गो नावाच्या खेळाचा पट. एकोणीस उभ्या रेघा, एकोणीस आडव्या. रेघा जिथं एकमेकींना छेदतात तिथं आळीपाळीनं दाणा ठेवायचा आणि जमीन घेरत जायची. ठेवलेला दाणा पुन्हा जागचा हलवायचा नाही. रसिकाला हा खेळ काकांनीच शिकवला, ती दहा वर्षांची असताना. आता ती सत्तावीस वर्षांची, अंधेरीला नोकरी करणारी. पुढच्या महिन्यापासून मीरा रोडच्या एका हॉलमध्ये ती गोचा वर्ग काढणार होती. काकांची वही टाईप करून मुलांना वाटायची, असं तिनं ठरवलं होतं. पण आधी वहीतला एकेक नियम मशीनला, म्हणजे लॅपटॉपमधल्या गो खेळणाऱ्या प्रोग्रामला, विचारून घ्यायचा.

"तुम्हाला राग नाही ना येत, काका?"

"राग कसला? माजं थोडंच हाय त्यातलं? सगलं सायबाचं."

राग नव्हता. पण सकाळपासून चौदा ओळींवर काट बसली होती. काका मोजत होते.

"पूर्वी कसं," रसिका म्हणाली, "मोठ्या खेळाडूंचे जुने डाव पाठ करायचे. कोपऱ्यातल्या ठरलेल्या खेळी घोकायच्या. आता एक दाणा ठेवला की मशीन लगेच सांगतं, तुमचे जिंकायचे इतके टक्के कमी झाले. हा निळा ठिपका दिसतोय ना? तिथं खेळायला हवं होतं. आता सगळे ठिपक्याच्या मागे. जपानमधले मोठे मोठे लोकसुद्धा परत शाळेत बसल्यासारखे शिकतायत."

"मंग मास्तर कोन?"

"ठिपकाच मास्तर."

"शिव्या देतो का?"

"नाही."

"मंग कसला मास्तर!"

आतून आशाकाकूंचं हसू ऐकू आलं.

काकांचे मास्तर म्हणजे ओनो साहेब. काशीमीऱ्याच्या एका कारखान्यात जपानी मशीन बसवायला आले आणि पाच वर्षं राहिले. काका तेव्हा नुसते नाथा होते, पॅकिंग खात्यातले. पहिल्यांदा जेवणाच्या सुट्टीत साहेबांनी एका खोक्यावर बोट ठेवून "गो, गो" म्हटलं, तेव्हा नाथाला वाटलं, साहेब कुठल्या बाईला हाक मारतायत. त्यानं मागं वळून पाहिलं. मागं कोणी नव्हतं. हा किस्सा पुढं साहेबांनी स्वतःच सगळ्या कारखान्याला सांगितला.

पट पॅकिंगच्या फळीचा केला. काळे दाणे म्हणून चिंचोके घेतले, फोडून घासलेले. पांढरे म्हणून उत्तनच्या किनाऱ्यावरचे शिंपले. शिंपले पाहून साहेब हरखले. त्यांच्याकडेही चांगले पांढरे दाणे शिंपल्याचेच असतात म्हणे. साहेबांचे एक-दोन दंडक होते. दाणा ठेवला की हात लगेच मागं घेऊन गुडघ्यावर ठेवायचा. हाताची सावली पटावर पडता कामा नये. समोरचा विचार करतोय, त्याच्या उजेडात आपण यायचं नाही.

कारखान्यातल्या पाट्या वाचून वाचून साहेब देवनागरी शिकले, नाथाच्याही आधी. आणि मराठी बोलायला शिकले ते नाथाकडूनच. त्यामुळे साहेबांची मराठी मोरव्याची. वाईट खेळीला ते मान हलवून म्हणत, "न्हाय, नाथा-सान, न्हाय." चांगल्या खेळीला काहीच बोलत नसत. नुसता चहाचा घोट घेत.

सगळ्यात जास्त 'न्हाय' नाथानं एकाच खेळीसाठी खाल्ले. साहेब त्याला आधी नऊ दाणे सुरुवातीलाच पटावर मांडायची सूट देत, मग पाच, पुढं तीन. तिनावर आल्यावर तीन कोपरे नाथाचे आणि चौथा कोपरा साहेबांचा असे. साहेबांनी त्या कोपऱ्यात शिंपला ठेवला, की नाथा सरळ त्याच्या पोटाशी शिरायचा. तीन-तीनवर, म्हणजे दोन्ही कडांपासून तिसऱ्या रेघेवर. नाथाचा बाप मिठागरावर राबलेला. भरतीचं पाणी बांधाच्या कोपऱ्यातूनच आत येतं, हे नाथाच्या हाडात बसलेलं. साहेब समजावून सांगत, की तुला आत चिमूटभर घर मिळेल, पण बाहेर माझी भलीमोठी भिंत उभी राहील. मग सगळं रान माझं. न्हाय.

वर्षभरानं नाथाची खोड मोडली. ती मोडली त्या दिवशी साहेबांनी त्याला जेवू घातलं.

"पान सतरा," रसिका वाचू लागली. "'समोरच्याच्या कोपऱ्यात तीन-तीनवर लवकर शिरू नये. न्हाय.' न्हायच्या खाली दोन रेघा."

काका सरळ बसले. "ते र्‍हाऊ दे. ते बरोबर हाय."

रसिकानं तो कोपरा लॅपटॉपवर मांडला. काळा दाणा चार-चारवर. निळा ठिपका लगेच तीन-तीनवर उजळला.

"काका," ती म्हणाली, "हीच तर पहिली गोष्ट मशीननं बदलली. पूर्वी या खेळीला सगळे हसायचे. आता जो तो लवकर तीन-तीनवर शिरतो. ती भिंत आपण समजत होतो तेवढी भारी नसते."

तिनं पेन्सिल टेकवली. पण काकांनी वहीवर तळवा ठेवला.

"काय झालं?"

काका उठून आत गेले. पत्र्याच्या पेटीचं झाकण वाजलं. परत आले तेव्हा त्यांच्या हातात सुतळीनं बांधलेली पोस्टकार्डं होती.

"सायब गेला ना जपानला, मंग आमी कारडावर खेललो," ते म्हणाले. "एका कारडावर एक खेली. सायब बोलला, आता सूट बंद. बरोबरीचा डाव."

बरोबरीचा. हा शब्द नाथानं गावभर मिरवला होता. आणि त्यासाठीच तो चाळिशीत अक्षरं शिकायला बसला. खेळीचे आकडे कोणीही लिहून दिले असते. पण बरोबरीच्या माणसानं स्वतःच्या हातानं लिहावं, असं त्याला वाटलं. गिरगावातून भाईंदरला राहायला आलेल्या उर्मिलाबाई तेव्हा संध्याकाळी प्रौढांचा वर्ग घ्यायच्या. रसिका ही त्यांचीच मुलगी.

काकांनी सुतळी सोडली. साहेबांच्या खेळी कार्डांवरून आणि आपल्या आठवून पटावर दाणे मांडले. एक चिंचोका, एक शिंपला. अकरा दाणे झाले. बारावा शिंपला त्यांनी बोटांत धरला आणि ते कार्ड रसिकापुढं केलं.

कार्डावर मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरांत दोनच ओळी होत्या.

१२. ३–३
हाय

"माज्या कोपऱ्यात," काका म्हणाले. "जी खेली मना वरीसभर न्हाय न्हाय करून सोडवली, तीच माज्यावर. ल्हान पोराला कसा मुद्दाम सोपा डाव देतात, तसा. आन त्याच्याखाली लिवतो काय? हाय! अरेरे, तुजा कोपरा गेला म्हनून. बरोबरीचा डाव बोलला आन माजी मस्करी केली."

"मग तुम्ही काय उत्तर दिलंत?"

"न्हाय दिला."

चार महिन्यांनी दुसरं कार्ड आलं होतं. काकांनी तेही दाखवलं. त्यावर एवढंच होतं: *नाथा? १३?* नाथानं ते पेटीत टाकलं होतं. मनात होतं, साहेबाला जरा वाट बघू दे. मग कारखाना बंद पडला, आई आजारी झाली, वर्षं गेली. शेवटचं कार्ड राखाडी कडेचं होतं, जपानात घरातलं माणूस गेलं की पाठवतात तसं, साहेबांच्या मुलीनं पाठवलेलं. ते वाचून दाखवायला कोणाची गरज पडली नाही.

रसिकानं बाराव्या खेळीचं कार्ड हातात घेऊन पुन्हा वाचलं.

"काका, हे तुम्ही वाचलंत कसं?"

"कसं म्हंजे? लिवलंय ना. हाय. मोरच्यात वरडतात ना, हाय हाय, तसं."

"आणि बोलताना 'हाय' म्हणजे?"

"बोलताना येगलं. बोलताना 'हाय' म्हंजे..." काका थांबले.

"म्हणजे आहे," रसिका म्हणाली.

"पन लिवायचं तसं नसतं," काका घाईघाईनं म्हणाले. "तुजी आय सांगायची. नाथाभाऊ, बोलता तसं लिहू नका. हाय न्हाय पाटीवर चालणार नाही. लिहिताना 'आहे'. पुस्तकात 'हाय' आलं, म्हंजे कोनतरी रडतंय, असं समजा. माजी पाटी पुसली होती बाईंनी."

"आई अजून माझे मेसेज तपासते," रसिका हसली. पण लगेच गंभीर झाली. "काका, ओनो साहेब आईच्या वर्गात नव्हते. ते मराठी तुमच्याकडून शिकले. न्हायच्या उलट काय, ते त्यांना कोणी सांगितलं असेल?"

काकांना कारखान्याच्या कँटीनमधली रांग दिसली. हातात ताट घेतलेले साहेब मागं वळून विचारतायत: नाथा-सान, न्हाय नाही, तर काय? आणि नाथा भाताकडे बोट दाखवून म्हणतोय, "हाय." साहेब इतके हसले, की ताटातली आमटी सांडली. आमच्यातही, आमच्यातही, असं काहीतरी ते म्हणत होते. नाथाला तेव्हा कळलं नव्हतं.

"जपानीत 'हो'ला काय म्हणतात, माहितीय?" रसिकानं विचारलं.

काकांनी तिच्याकडे पाहिलं, तशी तीच म्हणाली,

"हाय."

बाहेर रिक्षावाला कोणाशी तरी हिंदीत भाड्याची घासाघीस करत होता. काकांनी तिच्या हातातून कार्ड घेतलं.

"म्हंजे मशीन तेवाच होतं?" त्यांनी विचारलं.

"नाही हो. मशीन यायला पुढं खूप वर्षं लागली. साहेबांना कोणीही सांगितलेलं नव्हतं. त्यांनी तुमचीच खेळी इतकी वर्षं मनात ठेवली, तपासली असेल, आणि शेवटी तुमच्यावरच खेळून बघितली. आणि खाली लिहिलं, की हो. तुझं बरोबर होतं."

"आन मी," काका म्हणाले, "मी त्याला वाट बघाया लावली."

रसिका लॅपटॉपकडे वळली. "थांबा, डाव मांडते. तेरावी कुठं खेळायची, ते बघू."

"बंद कर."

"फक्त ठिपका..."

"बंद कर गो पोरी. माजी पाली हाय. त्याची न्हाय."

तिनं लॅपटॉप मिटला.

बारावा शिंपला काकांच्या हातातच होता. त्यांनी तो तीन-तीनवर ठेवला. मग वाटीतून एक चिंचोका घेतला. पाणी कोपऱ्यातून आत आलं होतं. आता बांध घालायला दोनच जागा, तीन-चार किंवा चार-तीन. एका अंगाला साहेबांचा शिंपला आधीच बसलेला. दुसरं अंग मोकळं, पुढं आपलेच दोन चिंचोके. बाप असता तर त्यानं विचारलंच नसतं. उन्हाची तिरीप पटावरून सरकत रसिकाच्या पायापाशी गेली, तरी काका विचार करत होते.

शेवटी मोकळ्या अंगाला, चार-तीनवर, त्यांनी चिंचोका टेकवला. फळीवर टक्क आवाज झाला.

रसिकानं वही उचलली, पान सतरावर पेन्सिल धरली आणि विचारलं, "हे खोडू?"

"खोडू नको. दे हितं."

काकांनी पेन्सिल घेतली. 'न्हाय'च्या खाली, दोन रेघांच्याही खाली, सावकाश, काना वेगळा आणि य वेगळा काढत लिहिलं: हाय.

आशाकाकू चहाचे कप घेऊन बाहेर आल्या. पट मांडलेला आणि लॅपटॉप मिटलेला पाहून उंबऱ्यातच थांबल्या.

"काय झालं गो? डाव मोडला का? कोनाची पाली हाय?"

"सायबाची," काका म्हणाले.

आणि पटावर सावली पडत होती, म्हणून त्यांनी हात मागं घेऊन गुडघ्यावर ठेवला.