चिखल कुठे आहे?

मी कोपऱ्यावरच्या लाँड्रीतलं मोठं धुलाई मशीन बोलतंय. आयुष्यभर लोकांचे मळके कपडे पोटात घेतले. पण पुरानंतर जो मळ पाहिला, तो कुठल्याच साबणाने निघायचा नाही.

माझ्या मालकिणी दोघी, नणंद आणि भावजय. दागिने मोडून त्यांनी मला आणलं. नणंदेला डाग म्हणून खपत नाही. गिऱ्हाईक आलं की तिची नजर आधी त्याच्या कॉलरवर, मग तोंडावर.

नदीचं पाणी दुकानात छातीभर चढलं. ओसरताच भावजयीने विमा कंपनीला फोन लावला. सर्व्हेअरसाहेब म्हणाले, "आधी गल्लीतला चिखल काढा, मग येतो. बूट खराब होतात." वा रे शूरवीर! पुराची पाहणी करायची, पण पाय कोरडे ठेवून! तेवढ्यात गाळ्याच्या मालकाची नोटीस आली: महिनाअखेरीपर्यंत दुकान सुरू झालं नाही, तर गाळा खाली करा. करारात तसं कलम आहे म्हणे. विम्याचे पैसे आले नाहीत, तर दोघी रस्त्यावरच येणार होत्या.

साहेब येणार म्हणून नणंदेने गल्ली झाडली, दुकान धुतलं, मला घासून लख्ख केलं.

"वन्सं, आधी फोटो तरी काढू द्या!"

"फोटो कसले घाणीचे? लोक काय म्हणतील?"

साहेब आले ते नाकाला रुमाल लावूनच. माझ्यावर बोट फिरवलं, बोट निरखलं. "नुकसान काही दिसत नाही. चिखल कुठे आहे?"

ज्याने चिखल काढायला लावला, तोच आता चिखल मागत होता! असा संताप आला, की त्यालाच पोटात घालून पिळून काढावं.

नणंदेने हातातलं फडकं पाठीमागे लपवलं. भावजय मात्र पान्हा घेऊन आली. "मागचं झाकण गंजून बसलंय, साहेब. उघडते. जरा वाकून नीट बघा."

साहेब वाकले. झाकण निघालं आणि मोटरीभोवती साचलेला सगळा काळा राडा त्यांच्या पँटवर आला.

"अहो बाई! हे आत्ताच्या आत्ता धुवून मिळेल का?"

"मशीन बंद आहे, साहेब," भावजय म्हणाली. "तसं लिहा."

लिहिलं त्यांनी, दातओठ खात.

आता मी भंगारात निघालंय. नवं मशीन उद्या येतंय, गाळा वाचला. जाता जाता एवढंच सांगणं: पूर ओसरला की दार धुवायची घाई करू नका. आधी चिखल दाखवा. डोळ्यांतलं पाणी हे लोक नुकसानीत धरत नाहीत.