निळा बगळा

विक्रोळीच्या खाडीकाठी तो लोखंडी बगळा उभा राहिला, तेव्हा मालनबाईंनी नाक मुरडलं होतं. दोन पुरुष उंच, एक पाय दुमडलेला, अंगाला ना रंग ना रोगण. पण बगळा आला आणि लोकांना काठावर कचरा टाकायची लाज वाटू लागली. संध्याकाळी बायका त्याच्या पायाशी टेकू लागल्या, नव्या जोडप्यांचे फोटो तिथेच निघू लागले. बघता बघता तो वस्तीच्या घरचाच झाला.

आणि घरच्याला पावसाळ्यात गंज चढला. मालनबाईंना ते बघवेना. चौदा एप्रिलच्या जयंतीआधी वस्तीत संडासाच्या दारापासून विहाराच्या भिंतीपर्यंत सगळ्याला रंग लागतो; मग एकट्या बगळ्यानेच काय घोडं मारलं होतं? त्यांनी बायका जमवल्या, गंज घासून काढला आणि वर निळ्याचे दोन हात दिले.

शेजारचे दत्ताराम मालवणचे. ते शिडी धरून कुरकुरले, "निळो बगळो खंय बघलंस गे?"

"आता बघ," मालनबाई म्हणाल्या.

जयंती दणक्यात झाली. मग एके सकाळी बगळा घडवणारी चेतना आली. तरुण पोरगी, धावत जाऊन नखाने रंग खरवडूच लागली.

"मावशी, गंज मुद्दाम होता! खाडीच्या हवेने दरवर्षी याचा रंग बदलणार होता. वाट लावलीत तुम्ही! मी नाही ठेवत इथे. उद्या क्रेन आणते नि घेऊन जाते."

बगळा गेला की काठाचा पुन्हा उकिरडा होणार, हे मालनबाईंना लख्ख दिसलं. पण गयावया करणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

"चुकलं आमचं. गंजसुद्धा कुणी हौसेने चढवतं, हे ठाऊक नव्हतं. सांग, आजच्या आज रंग खरवडतो. पण न्यायचा नाही. पोर दत्तक दिलंस ना? मग तेल कुठलं लावलं म्हणून परत नेतात का गं?"

चेतना बगळ्याभोवती फिरली, शिडी मागवून वर चढली, चोचीत डोकावली.

"आतूनपण रंगवलाय? इथे कोण बघणार होतं?"

"कोण कशाला बघायला पाहिजे? पोराला न्हाऊ घालताना कानामागे चोळत नाही होय?"

चेतनाला हसू फुटलं आणि त्यातच डोळे भरले. ती खाली उतरली.

"खरवडू नका. राहू दे. पण पुढच्या वर्षी ब्रश उचलायच्या आधी मला विचारायचं."

"विचारू की," मालनबाई म्हणाल्या. "पण निळाच लावू."