आधी गेला भाताचा कुकर

घराच्या किमतीची भीती मला कधी वाटली नाही. भीती वाटायची ती वरखर्चाची. अठ्ठावीस कोटी वॉन हा आकडा एवढा मोठा, की तो बँकेचाच वाटतो. पण दलाली, सरकारी कर, वकिलाची फी, खिडकीतून सामान चढवणारी शिडीची गाडी, भिंतींना लावायचे कागद हे सगळं आपल्या खिशातून जातं. चोंगजूच्या दोन भाड्याच्या खोल्यांत सात वर्षं काढून आम्ही जे साठवलं, त्यातले दोन कोटी ऐंशी लाख विसार म्हणून घरमालक म्योंग साहेबांना देऊन झाले होते. वरखर्चाला उरले नव्वद लाख. त्यातला एकही वॉन मी उगाच सुटू देणार नव्हते.

म्हणून मी सामान हलवायला बुधवार धरला. पंचांगात ज्या दिवशी भुतं फिरत नाहीत असं म्हणतात तो शनिवार सगळ्यांनाच हवा असतो, त्यामुळे त्या दिवशी टेंपोवाले एकोणीस लाख मागतात. बुधवारी तेच काम बारा लाखांत होतं.

सासूबाईंनी चमचा खाली ठेवला. "अगं ए दोही, घर घ्यायला पैसे आहेत आणि भुतं टाळायला नाहीत होय?"

"आई, भुतांना सात लाख कोण देतं?"

"नको देऊस. मग निदान भाताचा कुकर शनिवारी नेऊन ठेव. कुकर गेला म्हणजे बिऱ्हाड गेलं. पुढचं भुतांना कळत नाही."

"एवढी बावळट भुतं असतील तर त्यांना भ्यायचं कशाला?"

माझा नवरा बोम्सक वाटीत तोंड घालून हसला आणि दोघींचीही बोलणी खाऊन मोकळा झाला. कुकर न्यायला खर्च नव्हता, म्हणून मी हो म्हटलं.

म्योंग साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "दाराबाहेर ठेवून जा." सासूबाईंना ते चालेना. कुकर स्वयंपाकघरातच गेला पाहिजे. शनिवारी सकाळी आम्ही तिघं बेल वाजवत उभे राहिलो. बऱ्याच वेळानं त्यांनी दार उघडलं. दाढी वाढलेली, घरात दिवसाढवळ्या पडदे ओढलेले, टीव्हीवर चादर, पियानोवर चादर.

"धूळ बसते," ते म्हणाले.

कुकर ओट्यावर ठेवून मी प्लग कुठे आहे ते पाहायला वाकले. किमचीच्या फ्रिजच्या मागच्या अंगाला एक लाल कागद चिकटवलेला होता. त्यावर शिक्का होता.

सासूबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. "हात लावू नकोस," त्या कानाशी म्हणाल्या. सासऱ्यांचं दुकान बुडालं तेव्हा सासूबाईंच्या शिलाई मशीनवर हाच कागद लागला होता. जप्तीचा. आम्ही वाकून नमस्कार केला, कुकर तिथेच टाकला आणि जिना उतरलो. लिफ्टसाठी थांबायचं कुणालाच सुचलं नाही.

खाली बाकावर बसून बोम्सकनं फोनवर घराचा नोंदणी उतारा काढला. सातशे वॉन पडले. करार करताना एकदा काढला होता. पुन्हा काढू म्हणाला तेव्हा मीच त्याला अडवलं होतं, "घर काय पळून जातंय?" आता उताऱ्यावर नवी ओळ होती. नऊ कोटींची जप्ती, आठ दिवसांपूर्वीची.

वकिलांनी सोमवारी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "बुधवारी उरलेल्या रकमेतले नऊ कोटी थेट जप्ती आणणाऱ्या सावकाराच्या हातात द्या आणि त्याचा बोजा उतरवून घ्या. ते जमेल. पण घर तुमच्या नावावर करायचा अर्ज नोंदणी कचेरीत दाखल व्हायच्या आत आणखी कुणी जप्तीचा हुकूम घेऊन आला, तर त्याचा हक्क तुमच्या आधी."

"आणि करार मोडला तर विसार?"

"तो म्योंग साहेबांनी केव्हाच खर्च केला असणार."

ते दोन दिवस मी दर तासाला उतारा काढत होते. प्रत्येक वेळी सातशे वॉन जात होते आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

बुधवारी साडेदहाला बँकेत सगळे जमले. खाली टेंपोत आमचं बिऱ्हाड भरलेलं, जुन्या खोल्यांत नवे भाडेकरू आलेले. परत जायला जागाच नव्हती. सावकारानं नऊ कोटी घेतले, सही केली. मी आणखी एकदा उतारा पाहिला आणि उरलेले पैसे पाठवायचं बटण दाबलं. म्योंग साहेब कुणाकडेही न बघता निघून गेले.

वकिलांचा कारकून कागद पिशवीत भरत म्हणाला, "दुपारी तीनला सगळ्यांचे अर्ज एकदम नेतो. आत्ता वेगळा माणूस धाडायचा तर ऐंशी हजार जास्त."

टेंपोवाल्याच्या चहाच्या पैशांवरून घासाघीस केलेली मी. मी पाकीट उघडून नोटा त्याच्या हातात कोंबल्या. "आत्ता पाठवा. माझ्यासमोर."

अकरा चाळीसला अर्ज दाखल झाल्याची पावती फोनवर आली.

साडेतीनला शेवटचं कपाट खिडकीतून आत आलं आणि बेल वाजली. दारात पन्नाशीचा माणूस होता. बुटांवर टाइल्सची पांढरी भुकटी, हातात कागद.

"म्योंग आहे?"

"नाहीत. त्यांनी घर विकलं."

"कुणाला?"

"मला."

त्यानं कागद पुढे केला. "हे कसं होईल? माझे चार कोटी आहेत त्याच्याकडे. कोर्टाचा हुकूम आज दोन वाजता नोंदणी कचेरीत पोचलाय."

मी पावती दाखवली. त्यानं चष्मा वर करून वेळ वाचली, मग परत वाचली. हातातल्या कागदाची घडी घातली.

"दोन वर्षं उधारीवर टाइल्स दिल्या त्याला," तो म्हणाला. "माझी मुलं काय खाणार, बाई?"

मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही. मला फक्त एवढंच हवं होतं, की त्यानं माझ्या उंबऱ्यावरून जावं.

तो गेल्यावर सासूबाईंनी आतून विचारलं, "कोण होतं गं?"

"कुणी नाही, चुकीच्या घरी आला होता," मी म्हणाले आणि दाराला आतून कडी लावली.